आधी ब्रेकचा दिवा पाहा

भुईगावच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना गंजाची ओळख करून द्यावी लागत नाही. खिडकीचे गज, पंपाचे नट, सायकलची साखळी, खारी हवा कशालाच सोडत नाही. विजेवरच्या स्कूटरच्या ब्रेकमध्ये ती दोन ठिकाणी शिरते: लिव्हरमधल्या बारीकशा स्विचमध्ये आणि चाकातल्या ड्रममध्ये. बिघाड यांपैकी कुठे आहे ते आधी ठरवावं, म्हणजे नको ते उघडावं लागत नाही.

लिव्हर दाबला की दोन गोष्टी एकदम घडतात. केबल ताणली जाते आणि ब्रेक शू ड्रमवर घासतात, हे पेट्रोलच्या स्कूटरसारखंच. त्याच वेळी लिव्हरच्या मुळाशी असलेला स्विच कंट्रोलरला इशारा देतो आणि कंट्रोलर मोटरची वीज तोडतो. ताशी २५ किलोमीटरच्या आणि २५० वॉटपर्यंतच्या, नोंदणी न लागणाऱ्या साध्या गाड्यांत मागचा लाल दिवाही बहुधा याच स्विचवर पेटतो. म्हणून तपासणी दिव्यापासून सुरू करावी.

चावी फिरवली, मीटर लागलं, पण गाडी जागची हलत नाही. अशा वेळी बॅटरी संपली असं लगेच धरून बसू नये. मागे जाऊन पाहा. लिव्हर न दाबताही दिवा जळत असेल तर स्विच दाबलेल्या अवस्थेतच अडकला आहे, आणि ब्रेक लागला आहे असं समजून कंट्रोलर मोटरला वीजच देत नाही. दोन्ही लिव्हर बोटाने बाहेरच्या बाजूला ढकलून पाहा. दिवा विझला नाही तर चावी बंद करून एका लिव्हरचं कनेक्टर काढा, चावी लावून दिवा पाहा, मग दुसऱ्याचं. ज्याचं काढल्यावर दिवा विझतो, दोष त्या बाजूचा. दोन्ही काढूनही जळत राहिला तर वायर पुढे कुठेतरी घासून चिकटली आहे. ही तपासणी गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी ठेवूनच करायची. अडकलेला स्विच तोडून गाडी तशीच रस्त्यावर काढणं मात्र धोक्याचं आहे.

उलट प्रकार जास्त घातक असतो. ब्रेक दाबला तरी मोटर ढकलतच राहते आणि दिवाही पेटत नाही. तेव्हा कनेक्टर उघडून पिना पाहा. हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून कोरडं करा. तरीही फरक पडला नाही तर चावी बंद ठेवून मल्टिमीटर स्विचच्या दोन वायरींना लावा: साध्या स्विचमध्ये लिव्हर दाबल्यावर बीप यायला हवा, सोडल्यावर थांबायला हवा. हा स्विच स्वस्त असतो, बदलून टाकावा.

काही स्कूटरमध्ये वेग कमी होताना मोटरच जनित्र बनते, गाडीला मागे ओढते आणि बॅटरीत थोडी वीज परत जाते. रात्रभर चार्ज करून सकाळी निघालात आणि ही ओढ जाणवली नाही, तर घाबरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते, म्हणून कंट्रोलर ती ओढ कमी करतो. थोडं अंतर गेल्यावर ती परत येते. अगदी हळू वेगातही ती जवळपास नसते. त्यामुळे खरा भरवसा शूवरच ठेवायचा.

दिवा बरोबर चालत असेल आणि तरी गाडी नीट थांबत नसेल, तर दोष बहुधा चाकात किंवा केबलमध्ये आहे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली की ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो. सुरुवातीच्या काही ब्रेकला घरघर होऊन तो निघून जातो. आवाज राहिला तर वाळू आत गेली आहे किंवा शू झिजले आहेत. ब्रेकच्या हातावर बाण असेल तर ब्रेक दाबून पाहा: तो खुणेपर्यंत गेला की शू बदलायची वेळ झाली. ड्रममध्ये तेल किंवा ग्रीस कधीही मारू नये.

केबलचा नट आवळताना लिव्हरला थोडा ढिलावा ठेवा. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. फार आवळलं तर शू सतत घासतात, चाक तापतं आणि एका चार्जमध्ये गाडी कमी धावते. आवळून झाल्यावर चाक हाताने मोकळं फिरतंय ना ते पाहा, आणि मगच गल्लीत हळू वेगात ब्रेक लावून बघा.