गुंजाल्याची अक्षरं

दुबई शहराने २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून स्वतःच्या नावाचा फॉन्ट करून घेतला. त्यातली अरबी आणि रोमन अक्षरं बरोबरीने रेखली गेली. एकीच्या मापात दुसरी कोंबली नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधून तो जगभर गेलाही. तिजोरी भरलेली असली की अक्षरांना व्हिसा लागत नाही!

आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावाची गोष्ट वेगळी. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरच्या हद्दीपलीकडे ते वसलेलं आहे. २००६ मध्ये प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या चमूला इथे गोंडी हस्तलिखितं मिळाली. काही १७५० च्या आसपासची मानली जातात. चंद्रपूरच्या गोंड राजांच्या हकिकतीही त्यांत आहेत. लिपी वाचणारी म्हातारी माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. गोंडांचा इतिहास परधान भाटांच्या तोंडीच जगला, असं आपण सहज बोलून जातो. या पोथ्या ते खोडून काढतात.

पोथीतलं अक्षर लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलतं. एकच ‘क’ इथे पसरट, तिथे आखूड. फॉन्ट करायचा तर त्यातून एक वळण ठरवायचं, मात्रा कुठे बसेल ते पाहायचं, आणि बारा पॉइंटातही अक्षर ओळखू यावं इतकी जागा त्याच्या पोटात ठेवायची. हे काम किचकट आणि बिननावाचं. त्याआधी प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये क्रमांक हवा. तो २०१८ मध्ये, ११.० आवृत्तीत मिळाला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती तिथली वर्णमाला. व्यंजनं ‘क, ख, ग’ अशी लागत नाहीत. आधी य, व, ब, भ, म आणि मग क, ख. देवनागरीच्या शिस्तीत ती बसवणं सोपं होतं, पण पोथीवाल्यांचाच क्रम राखला. जतन म्हणायचं ते याला. आदिवासी नक्षी छापलेल्या पिशव्या विकण्याला नव्हे.

गोंडीची दुसरी लिपी मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडवली. तिला युनिकोडमध्ये जागा २०१७ साली मिळाली. दोन्हींचे ‘नोटो’ मालिकेतले फॉन्ट आज फुकट उतरवून घेता येतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून अधिक होते. आठव्या अनुसूचीत मात्र गोंडी अजून नाही.