नाटक वाचावे कसे?

संस्थेच्या फलकावर ‘नाट्यवाचन’ हा शब्द लागला, की निम्मे सभासद विचारतात, “म्हणजे नाटक आहे की नाही?” नाटक आहे, पडदा, नेपथ्य, रंगभूषा आणि पोशाख मात्र नाहीत. सहा-सात माणसे हाती संहिता घेऊन अर्धवर्तुळात बसतात, एकजण रंगसूचना वाचतो आणि बाकीचे आपापल्या भूमिका. पैसे पुरले नाहीत म्हणून प्रयोगाऐवजी केलेली ही तडजोड होय, असा पुष्कळांचा समज आहे. तो आम्हांला बरोबर वाटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्या मुलखाविषयी. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या अधिपतींनी पाहिले आणि तसे काही मराठीत करण्याची आज्ञा दिली. त्यातून १८४३ साली विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले. पुढे संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे तर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. पुण्यात पारशी मंडळीने केलेला ‘इंद्रसभा’ या उर्दू नाटकाचा प्रयोग पाहून त्यांना मराठीत संगीत नाटक लिहिण्याची स्फूर्ती झाली. ही ‘इंद्रसभा’ लखनौच्या आगा हसन अमानत यांची. तेव्हा मराठी रंगभूमीच्या जन्माला कानडी खेळ कारण झाला आणि तिच्या गाण्याला उर्दू. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा त्याचे पहिले चारच अंक झाले होते. सात अंकी पूर्ण प्रयोग पुढील वर्षी झाला. नाटक पुरे होण्याची वाट न पाहता ते लोकांपुढे ठेवण्याची रीत अशी थोरामोठ्यांची आहे. किर्लोस्करांना गुरू मानणारे गोविंद बल्लाळ देवल हेही बेळगावात शिक्षक होते. आम्हां मास्तर मंडळींना याचा थोडा गर्व वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

आता शब्दांकडे पाहा. नाटकाच्या सरावाला मराठीत ‘तालीम’ म्हणतात. हा अरबी शब्द असून उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण असा होतो. जुन्या नाटकमंडळ्यांत नटाला सगळे नाटक मिळत नसे. त्याची भाषणे तेवढी उतरवून देत, त्यास ‘नक्कल’ म्हणत, हाही शब्द अरबीच. ‘पडदा’ फारसीतून आला. आमच्या घरी दख्खनी बोलतात, शेजारी कानडी आणि शाळेत मराठी. तरी हे शब्द तिन्ही ठिकाणी ओळखीचे निघतात.

नाट्यवाचनाचा खरा लाभ भूमिकावाटपात आहे. प्रयोगात वय, रूप, उंची, आवाज सारे पाहावे लागते. वाचनात फक्त आवाज आणि समज. साठीच्या आजीबाई ‘शारदे’ची भूमिका वाचू शकतात आणि नववीतली मुलगी भुजंगनाथाची. हे गमतीसाठी करावे असे आम्ही म्हणत नाही. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी मुलगी बांधू पाहणाऱ्या बापाची आणि दलालाची ती कथा. शारदेची भाषणे ज्यांनी वयात येण्याआधी लग्न पाहिले अशा आजींच्या तोंडून ऐकली, तर ती वेगळी लागतात. कांचनभटाची भाषणे एखाद्या मुलीच्या बापाने वाचावी. लग्नाचा खर्च, स्थळाची घाई, ‘मुलीचे कल्याण’ हे सर्व त्याला स्वतःच्या आवाजात ऐकू येईल. (१९२९ चा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून आला असे अनेकजण समजतात. तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून ओळखला गेला. योगायोग मात्र मोठा समर्पक.)

आमच्याबाबतीत एक अनुभव नेहमीचा आहे. ऐतिहासिक नाटक निघाले की मोगल सरदाराची भूमिका न विचारता आमच्याकडे येते. उर्दू उच्चार बरे, हे कारण सांगतात, आणि ते खोटे नाही. पण वाचनात हा नियम मोडावा. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातील खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका एखाद्या जोशी किंवा पाटील यांनी वाचावी आणि पंडितजींची आमच्यापैकी कोणी. खाँसाहेबांचा अहंकार आणि मागून येणारी व्याकुळता उच्चारापुढे मोठी आहे. त्याच नाटकात झरीना झालेल्या सोलापूरच्या फैयाज या पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये बेळगावात भरलेल्या ९५व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा होत्या. त्या संमेलनाची शोभा बेळगावकरांच्या स्मरणात आहेच.

उच्चाराचे काम मात्र आम्ही सोडणार नाही. मराठीत एकाच ‘ज’ने दोन ध्वनी लिहितात. उर्दूत ‘जलील’ म्हणजे थोर आणि ‘ज़लील’ म्हणजे अपमानित. भर दरबारात बादशहाची स्तुती करताना वाचकाची जीभ घसरली, तर काय प्रसंग ओढवेल याचा विचार करावा! गिरीश कर्नाडांचे ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले आहे. ते वाचायचे तर दोन दिवस केवळ उच्चारांना द्यावे. तेच नाटक मूळ कानडीत वाचणारे शेजारी आपल्या गल्लीतच आहेत. एक प्रवेश त्यांनी कानडीत वाचावा, पुढचा आपण मराठीत.

बेळगावी बोलीतला कानडी हेल काढून टाकावा का, असे तरुण विचारतात. आमचे मत : उच्चार स्पष्ट हवा, हेल राहू द्यावा. पु. ल. देशपांडे येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांची बोली त्या हेलाशिवाय कशी उभी राहिली असती?

मुलांचे म्हणाल तर काळजी वाटावी अशी स्थिती आहे. हा भाग १९५६ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. आता पुष्कळ घरांतील मुले इंग्रजी किंवा कानडी माध्यमात आहेत. मराठी ती बोलतात, पण छापील ओळीवर अडखळतात. धडा वाच म्हटले की लाजतात; ‘तू शिपाई, एवढीच चार वाक्ये’ म्हटले की घरी जाऊन दहा वेळा वाचून येतात. पूर्वी धारवाड (१९५०) आणि सांगली (१९६३) येथील आकाशवाणी केंद्रांच्या श्रुतिकांनी घरोघरी कान तयार केले होते. तो कान आता असा तयार करावा लागेल.

व्यवस्थेविषयी थोडेसे. वाचने पावसाळ्यात ठेवावीत. तंबाखू काढणीच्या दिवसांत निपाणीकडचा माणूस मिळत नाही. पाच अंकी नाटक अडीच तासांत बसवायचे, तर पदे कमी करावी लागतात. राहिलेले पद येत असेल त्याने पेटीवर गावे, कवितेसारखे मोठ्याने वाचू नये. निदान दोन तालमी हव्यातच. हंगामाच्या अखेरीस सर्वांना आवडलेल्या एका नाटकाचा विशेष प्रयोग करावा, त्याआधी लेखकाची परवानगी घ्यावी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, म्हणून किर्लोस्कर व देवल यांची नाटके मोकळी आहेत. ‘तुघलक’साठी मात्र मूळ लेखक आणि अनुवादक या दोघांच्याही वारसांस लिहावे लागेल. पत्र दोन महिने आधी टाकावे. आणि वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांनी चष्मा विसरू नये. संहितेच्या प्रती बारीक अक्षरांच्या असतात.