'शॅल' आणि 'मे' यांतला फरक

शाळेत इंग्रजीच्या तासाला मुलांना शिकवतात की 'आय' आणि 'वुई' यांच्यापुढे 'शॅल', बाकी सर्वांपुढे 'विल'. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातही हा नियम आहे. मुले तो पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. बोलताना आज सगळीकडे 'विल' चालतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु या नियमाची दुसरी बाजू घराघरांत कळली पाहिजे. 'ही', 'दे' किंवा 'द स्टेट' यांच्यापुढे 'शॅल' आला तर तो नुसता भविष्यकाळ राहत नाही, हुकूम होतो. कायद्याच्या इंग्रजीत 'शॅल' म्हणजे करावेच लागेल आणि 'मे' म्हणजे करता येईल. मराठीत 'शॅल'चे 'करील' होते आणि वाचणाऱ्याला वाटते, करील कधीतरी!

संविधानाचे कलम २१-क पाहा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ते आले. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना राज्याने मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, तेथे 'शॅल' आहे. कोणत्या रीतीने द्यावे हे कायद्याने ठरवण्यासाठी 'मे' आहे. एकाच वाक्यात दोन्ही! शिक्षण द्यायचे की नाही, यात सरकारला निवड नाही. कसे द्यायचे, यात आहे. त्यासाठीचा कायदा व्हायला मात्र २००९ उजाडले आणि अंमल १ एप्रिल २०१० पासून सुरू झाला.

तरीही 'शॅल' दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, पूर्ण वाक्य वाचावे. कलम ३३० नुसार लोकसभेत अनुसूचित जातींसाठी जागा 'शॅल बी रिझर्व्ह्ड', म्हणजे राखल्याच पाहिजेत. नोकऱ्यांच्या कलम १६(४) मध्येही 'शॅल' आहे, पण वाक्याची सुरुवात 'नथिंग'ने होते. आरक्षणाची तरतूद करण्यास या कलमाची आडकाठी नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाट मोकळी आहे, सक्ती नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. निकाल आपल्याला बोचतो, पण वाक्य तसेच आहे.

तेव्हा सरकारी परिपत्रक हाती आले की आधी हे क्रियापद शोधावे. 'शॅल' असेल तर अर्जात कलम लिहून हक्काने मागावे. 'मे' असेल तर कारणे आणि पुरावे भरपूर जोडावेत. न्यायालये संदर्भ पाहून 'मे'चाही अर्थ कधी सक्तीचा लावतात, म्हणून नकार मिळाला तर तो लेखी घ्यावा. नोकरीच्या जाहिरातीतला 'शुड' मात्र नुसता सल्ला समजू नये. सांगितलेला प्रत्येक कागद जोडावा.