तरस : शिवाराचा उपेक्षित सफाईकामगार

ज्या वन्य प्राण्यांविषयी ग्रामीण भागात भीती पुष्कळ आणि माहिती अल्प आहे, त्यांत तरसाची गणना करावी लागेल. हिंदीत लकडबग्घा, गुजरातीत झरख व कन्नडात कत्तेकिरुब या नावांनी ओळखला जाणारा हा प्राणी माळवा, गुजरात व दख्खनच्या पठारावरील माळराने, झुडपी जंगले आणि खडकाळ टेकड्या येथे राहतो. दाट अरण्यापेक्षा त्याला मोकळा, कोरडा प्रदेश अधिक मानवतो. त्यामुळे गावाच्या सीमेलगत त्याचा वावर असणे स्वाभाविक आहे.

जगात तरसाच्या कुळातील चार जाती आहेत. त्यांपैकी पट्टेरी तरस ही एकच जात भारतात आढळते. समूहाने शिकार करणारे व हसल्यासारखा आवाज काढणारे ते ठिपकेदार तरस, आणि ते आफ्रिकेतील आहे. आपल्याकडील तरस बहुतेक मूकच असते. ते दिसावयास कुत्र्यासारखे असले, तरी शास्त्रीय वर्गीकरणात मुंगूस, उदमांजर व मांजर यांच्या अधिक जवळचे आहे.

पूर्ण वाढलेल्या तरसाचे वजन साधारणतः २५ ते ४० किलोग्रॅम भरते. पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब असल्यामुळे पाठ शेपटीकडे उतरती दिसते व चाल लंगडी भासते. राखी अंगावर काळे पट्टे आणि मानेपासून शेपटीपर्यंत राठ केसांची आयाळ असते. संकट जाणवताच ते ही आयाळ उभारते व आकाराने मोठे दिसू लागते. हा पवित्रा हल्ल्याचा नसून बचावाचा होय. कुत्र्यांनी घेरले असता तरस कित्येकदा मेल्याचे सोंग घेऊन निपचित पडते आणि संधी मिळताच पळ काढते.

तरस निशाचर आहे. दिवसा ते कपारीत, गुहेत किंवा साळिंदराच्या मोठ्या बिळात विश्रांती घेते आणि अंधार पडल्यावर बहुधा एकटेच अन्नाच्या शोधात निघते. त्याचे मुख्य अन्न मृत जनावरे. इतर प्राण्यांनी टाकून दिलेली जाड हाडे ते आपल्या भक्कम जबड्याने व दाढांनी फोडून खाते आणि पचविते. हाडांतील चुन्यामुळे त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते. तरसाचा वावर ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे. याशिवाय किडे, लहान प्राणी आणि फळेही ते खाते. क्वचित शेळी, मेंढी किंवा कुत्रेही ते मारते, हे नाकारण्याचे कारण नाही.

मादी सुमारे तीन महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर एक ते चार पिलांना जन्म देते. पिलांचे डोळे सुमारे आठवड्याने उघडतात. पुढे त्यांच्यासाठी अन्न गुहेपर्यंत वाहून आणले जाते व गुहेच्या तोंडाशी हाडांचा ढीग साचतो. तो पाहून ही सारी जनावरे तरसानेच मारली, असा समज होतो. वस्तुतः त्यांतील बरीचशी हाडे आधीच मेलेल्या जनावरांची असतात.

मृत जनावरांची विल्हेवाट पूर्वी गिधाडे व तरसे मिळून लावीत असत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे १९९० नंतर गिधाडे झपाट्याने नष्ट झाली. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालण्यात आली. गिधाडे विरळ झालेल्या शिवारात उघड्यावर पडलेल्या मृत जनावरांवर मोकाट कुत्री वाढतात व पिसाळीचा धोका बळावतो. अशा वेळी उरलेला सफाईकामगार गमावणे गावास परवडणारे नाही.

तरीही तरसाची संख्या घटत आहे. टेकड्यांवरील खाणींमुळे त्याच्या गुहा नष्ट होतात, रस्त्यावर वाहनांखाली ते सापडते, लांडग्यासाठी वा बिबट्यासाठी मृत जनावरात घातलेले विष त्याच्याच पोटात जाते, आणि औषधी गुणांच्या खोट्या समजुतीने त्याची हत्या होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तरसाची शिकार करणे व त्याचे अवयव बाळगणे हा दंडनीय गुन्हा आहे.

यास्तव ग्रामस्थांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मृत जनावर रस्त्यालगत टाकू नये. त्यात विष कदापि घालू नये. गुहेत धूर करू नये वा तिचे तोंड बुजवू नये. पिले आढळल्यास त्यांना हात न लावता वनरक्षकास कळवावे. शेळ्यामेंढ्या रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवाव्यात व लहान मुलांना उघड्यावर झोपवू नये. जनावर मारले गेल्यास ते जागेवरून न हलविता वन कार्यालयास त्वरित कळवावे, म्हणजे पंचनामा होऊन नियमानुसार भरपाईचा विचार होऊ शकतो. खाणपट्ट्याची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यांनी टेकडीवरील गुहांची आधी पाहणी करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पावलांचे ठसे व पांढरी विष्ठा यांवरून या प्राण्याची ओळख करून द्यावी. ओळख झाली की भीती ओसरते, आणि भीती ओसरली की हातातील दगडही आपोआप खाली पडतो.