पाणी आले नाही, म्हणजे पाणी नव्हते असे नाही

मिशिगनमधील सेंट क्लेअर सरोवरावर आम्हा चार कुटुंबांची मिळून एक जुनी बोट आहे. बोट म्हणजे चैन, असे कुणी म्हणेल. परंतु ज्या समाजाला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील मुलांनी अथांग पाण्यावर निर्धास्तपणे विहरावे, यात आम्हांला चैनीहून अधिक काही दिसते. गेल्या हिवाळ्यात ही बोट गमावण्याची वेळ आली. चूक माझी होती.

आमच्या बोटीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन सरोवराचेच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवते. म्हणून थंडीपूर्वी ते पाणी पूर्णपणे काढून टाकावे लागते. ऑक्टोबरअखेर मी इंजिनच्या अंगावरील निचऱ्याचे बूच उघडले. पाणी आले नाही. ‘रिकामे आहे,’ असे मानून मी बूच परत लावले. वस्तुतः गंजाच्या खपल्यांनी ते छिद्र आतून बंद झाले होते. एक तार आत घालून पाहिली असती, तर पाणी भळाभळा वाहिले असते.

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. बिडाचे लोखंड कठीण असले तरी ताण सोसत नाही, ते तडकते. एप्रिलमध्ये ऑइलची पट्टी बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर दुधाळ चहासारखा थर होता. इंजिनच्या कुशीला वीतभर लांब तडा गेला होता.

नव्या इंजिनची किंमत नऊ हजार डॉलर, तर कारखान्यात पुन्हा बांधलेल्याची साडेचार हजार. आमच्याकडे होते २,२०० डॉलर. बैठकीत मी आधी माझी चूक सांगितली. कुणीही बोल लावला नाही. एका मित्राने सुचवले, ‘शिष्यवृत्ती निधीतून तात्पुरते घेऊ.’ त्यावर ज्येष्ठ ताई शांतपणे म्हणाल्या, ‘तो पैसा गावाकडच्या मुलांच्या फीचा आहे. तो आपला नाहीच. मग उसना कसा घेणार?’ विषय तेथेच संपला.

तेव्हा उरला तिसरा मार्ग : भंगारात निघालेल्या बोटीतील त्याच जातीचे जुने इंजिन. असे एक १,२०० डॉलरना मिळाले. बोटीचा तळ कुजला होता. इंजिन मात्र शाबूत असल्याचे विक्रेता सांगत होता. या वेळी आम्ही शब्दावर विसंबलो नाही. चारही सिलिंडरांचा दाब मोजला; आकड्यांतील फरक दहा टक्क्यांच्या आत होता. परंतु पाण्याच्या पोकळीतील तडा या चाचणीत लपून राहू शकतो. म्हणून पाण्याचे सर्व मार्ग बंद करून आत हलक्या दाबाने हवा भरली आणि अर्धा तास मापकाच्या काट्याकडे पाहत बसलो. काटा हलला नाही. मगच पैसे दिले.

कार्ब्युरेटर, स्टार्टर, अल्टरनेटर हे आमच्या जुन्या इंजिनचेच वापरले. मोटारीचे स्वस्त सुटे भाग लावण्याचा मोह मात्र टाळला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती बोटीच्या तळाशी साचते. मोटारीच्या स्टार्टरची ठिणगी उघड्यावर पडली तर स्फोट होऊ शकतो. बोटीसाठीचे विद्युत भाग ही ठिणगी आतच कोंडून ठेवतात. तुटपुंज्या पैशांत काम करताना काटकसर कोठे करावी, यापेक्षा ती कोठे करू नये हे आधी ठरवावे लागते.

गॅस्केट, पाण्याचे पाइप, पंपाची रबरी पाती अशा नव्या वस्तूंना ५२० डॉलर लागले. यारी भाड्याने आणायला १३० डॉलर. ते दोन-अडीचशे किलोंचे धूड आम्ही तीन शनिवार-रविवार खपून बसवले. इंजिन आणि मागील चालकदांडा एका रेषेत आणण्यातच एक अख्खा दिवस गेला; तेथे केसभर चूक राहिली तरी जोड झिजून जातो. एकूण खर्च १,८५० डॉलर.

जूनमधल्या एका सकाळी तळातील वाफ बाहेर काढणारा पंखा चार मिनिटे चालवून किल्ली फिरवली. इंजिन धडधडले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र अजून ऑइलची पट्टीच पाहत होतो. ते स्वच्छ होते.

केवळ ऐकले, वाटले किंवा तर्काला पटले म्हणून काही सत्य मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हे वचन मी अनेक व्याख्यानांतून ऐकले होते, स्वतः सांगितलेही होते. सॉफ्टवेअरमध्ये तर चाचणीवाचून एक ओळही मी पुढे जाऊ देत नाही. तरीही बुचासमोर वाकलो असताना मी पाहिले नाही, मानून टाकले. आता बोटीच्या पेटीत, बुचाच्या पान्याशेजारी, एक वाकडी तार कायमची ठेवलेली आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये ती मुलांच्या हाती देणार आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!