कोहळा फुटल्यानंतर

म्हैसूरचा दसरा म्हटला की बाहेरच्यांना आठवतो तो अंबारीचा हत्ती. तिथल्या छोट्या कारखानदाराचा आणि दुकानदाराचा सण मात्र आदल्या दिवशीच, नवमीला, होऊन गेलेला असतो. आपली खंडेनवमी म्हणजे तिथली आयुधपूजा. लेथ, शिलाईयंत्र, तराजू, टेम्पो, हल्ली संगणकसुद्धा धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, दारात कुंकू भरलेला कोहळा फुटतो. मग कामगारांच्या हातावर चुरमुरे-फुटाणे, मिठाईचा पुडा आणि पुष्कळ ठिकाणी पाकीट. या पुड्या-पाकिटात देणं आणि दाद अशा दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. छोट्या धंद्यात माणसांची कदर करायची तर आधी ही गाठ सोडवायला हवी, कारण देणं चुकवलं म्हणजे दाद दिली असं मालकाला वाटत राहतं आणि कामगाराला तसं वाटत नाही.

या घोटाळ्याला जुना इतिहास आहे, आणि तो मुंबईच्या गिरण्यांचा आहे. पहिल्या महायुद्धात नफा वाढला तेव्हा 1917 मध्ये गिरणी मालकांनी पगाराच्या 10 टक्के ‘युद्ध बोनस’ दिला, पुढच्या वर्षी तो 15 टक्क्यांवर गेला. नंतर काही वर्षं बोनस मिळत राहिला आणि 1923 मध्ये थांबला. 1924 च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्वाळा दिला, की या बोनसवर कामगारांचा हक्क सांगता येत नाही. ती मालकांची मर्जी. संप फसला. पण कामगारांचं म्हणणं टिकलं, आणि 1965 च्या कायद्याने किमान बोनस ठरवून दिला. आज तो वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, आहे. मर्जीची गोष्ट हक्काची झाली हे चांगलंच झालं. मात्र तेव्हापासून बोनस हे आभार राहिले नाहीत. 20 हून कमी माणसांच्या दुकानांना हा बोनसचा नियम सहसा लागू होत नाही. तिथे आयुधपूजेचं किंवा दिवाळीचं पाकीट रिवाजाने चालतं, आणि रिवाजही हक्कच मानला जातो.

मग दाद कशाने पोचते? जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची नोंदणी करायला तात्पुरती माणसं घेऊन एक प्रयोग झाला. तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ठरल्या मजुरीवर 7 युरो जादा दिले, काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास कागदात बांधून दिला. जादा पैशांनी कामात फारसा फरक पडला नाही. थर्मासवाल्यांचं काम सुमारे 25 टक्क्यांनी वाढलं. खरी गंमत पुढे आहे. तेच पैसे नोटेची कलाकुसरीची घडी घालून दिले, तेव्हाही काम तितकंच, किंबहुना थोडं जास्तच, वाढलं. म्हणजे जादू थर्मासची नव्हती; कोणीतरी आपल्यासाठी वेळ घालवला, याची होती. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो यांच्या 2010 च्या अभ्यासात तर वस्तूही नव्हती. देणग्या मागायला फोन करणाऱ्यांचे एका वरिष्ठ बाईंनी समोर येऊन आभार मानले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचे फोन निम्म्याहून अधिक वाढले.

यावर कामगार म्हणेल, शाबासकीने किराणा भरत नाही. अगदी खरं. पगार रखडवून केलेलं कौतुक चेष्टाच वाटतं, म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी देणं, मग दाद. मालकाची तक्रार उलटी असते. एकदा दिलं की दरवर्षी मागतात, आणि कौतुक केलं की माणूस डोक्यावर बसतो. पहिल्या अर्ध्यात तथ्य आहे, गिरण्यांनी ते दाखवलंच; पण तो पाकिटाचा गुण आहे. ‘काल तू कापड आडवं लावून बेतलंस म्हणून अर्धा मीटर वाचलं’ या वाक्याची कोणी पुढच्या वर्षी थकबाकी मागत नाही. आणि नेमक्या कामाचं कौतुक ऐकून कोणी डोक्यावर बसत नाही. सरसकट ‘तुम्ही म्हणजे आमचं कुटुंब’ मात्र डोक्यात जातं, कारण मग जादा तास बिनपैशाचे मागितले जातात. चार माणसांच्या दुकानात मालक दिवसभर समोर असतो, त्याला निराळं सांगायची गरज काय, असंही म्हणतात. पण समोर असल्यामुळेच त्याला चूक लगेच दिसते आणि तो लगेच बोलतो. बिनचूक काम झालं की बोलायला निमित्तच उरत नाही.

म्हैसूरच्या अगरबत्तीच्या धंद्यात तर मालक आणि कामगारातलं अंतर आणखी वाढतं. 1948 मध्ये एन. रंगराव यांनी तिथे सुरू केलेला उद्योग आज ‘सायकल’ या नावाने घरोघरी पोचला आहे, आणि भोवती लहानमोठे कितीतरी उत्पादक आहेत. या धंद्यात काड्या वळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी घरी बसून, हजारी दराने केलेलं आहे. घरी काम करणारीला कारखान्यातली पूजा दिसत नाही. काड्या मोजून घेणाऱ्याशी तिची गाठ पडते, आणि तो बोलतो ते बहुधा नापास काड्यांबद्दल. तिच्यापुरती दाद द्यायची तर मोजणाऱ्यालाच तसं सांगून ठेवावं लागेल: आधी दर आणि मोजणी चोख, नापास काड्यांचं कारण दाखवून, आणि ज्या जुडीतली एकही काडी काढावी लागली नाही, ती ठेवून घेण्यापूर्वी तिच्यासमोर धरून तसं म्हणायचं.