इफ्तारची पहिली वीस मिनिटं

रमजानचा चाँद दिसायच्या आठवडाभर आधी बऱ्याच घरांत एक ठराव होतो. यंदा तळण कमी, शरबत कमी, वजनही थोडं उतरवायचं. पहिले दोन-तीन रोजे ठरावाप्रमाणे जातात. मग शेजारच्या घरून समोशांची थाळी येते, रविवारी पाहुणे येतात आणि पहिला अशरा संपायच्या आत कढई रोज चढू लागते. महिनाभर रोजे ठेवूनही ईदला कपडे घट्ट होतात, आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर त्याची साखर वाढलेली असते.

ठराव दिवसा मोडत नाही. १३-१४ तास पाण्याचा घोटही न घेणाऱ्या माणसाचा खाण्यावर ताबा नाही, असं कोण म्हणेल? तो मोडतो मगरिबच्या अजानीनंतरच्या पहिल्या वीस मिनिटांत. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. तोवर कांदाभजी, खिमा समोसे आणि गुलाबी शरबताचे दोन-तीन ग्लास आत गेलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाकाठी वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवणं उत्तम. गोड शरबताच्या दोन ग्लासांतच ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

खरं तर या वीस मिनिटांचा इलाज परंपरेतच आहे. हजरत मुहम्मद पैगंबर काही खजुरांनी, खजूर नसतील तर पाण्याच्या घोटांनी रोजा सोडत आणि मग मगरिबची नमाज अदा करत, असं हदीसमध्ये येतं. खजूर, पाणी, नमाज आणि त्यानंतर जेवण, हा क्रम पाळला तरी अर्धं काम होतं. नमाजेहून परतलेला माणूस भजीच्या ताटावर तुटून पडत नाही. आज अनेक घरांत नमाज घाईत उरकून पुन्हा त्याच दस्तरखानावर बसतात, किंवा दस्तरखानावरच इतका वेळ जातो की नमाजेलाच उशीर होतो. ते वेगळंच दुखणं.

म्हणून सुरुवातीला एवढा एकच बदल पुरे. सहर, इफ्तार, शरबत, गोड आणि व्यायाम अशा पाच आघाड्या एकदम उघडल्या की आठवड्याभरात पाचही पडतात. पहिला बदल अंगवळणी पडल्यावर जेवणाच्या ताटाकडे वळावं. अर्धं ताट भाज्या आणि फळांचं असावं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आहार-सल्ला सांगतो. त्यासाठी महागडं काही आणावं लागत नाही. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, पालेभाजी, एखादं फळ, सोबत मटकीची उसळ किंवा सालन आणि भाकरी. सहरीला दूध-साखरेतल्या फेणीपेक्षा ज्वारीची भाकरी, डाळ, अंडं, दही बरं. ते सावकाश पचतं आणि दुपारपर्यंत आधार देतं. लोणचं-पापड सहरीला टाळलेले बरे, नाहीतर दुपारी तहान छळते.

एवढं करूनही एखाद्या दिवशी हात सुटतोच. इथे रोजाचाच एक नियम आठवावा. रोजेदाराने विसरून काही खाल्लं तर रोजा तुटत नाही. आठवताच हात थांबवायचा आणि रोजा पूर्ण करायचा. शिवाय नीयत प्रत्येक रोजाची वेगळी असते. काल काय झालं याचा हिशेब आजच्या सहरीला आडवा येत नाही. खाण्याच्या नियमाचं मात्र आपण उलटं करतो. पाचव्या दिवशी चार भजी खाल्ली की ‘आता काय, मोडलंच’ म्हणून उरलेले पंचवीस दिवस सोडून देतो. मुंबईत मिनारा मशिदीजवळ जाऊन एका रात्री मालपुवा खाल्ला म्हणून काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खजूर, पाणी, नमाज.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ठराव करतो एक जण आणि तो निभावते स्वयंपाक करणारी. असरनंतर उपाशीपोटी, चव न घेता ती सगळ्यांसाठी रांधत असते. मुलांसाठी भजी, सासऱ्यांसाठी फळं, नवऱ्यासाठी तेलाविना काहीतरी, असे तीन स्वयंपाक तिच्या माथी मारून कुणाची तब्येत सुधारणार? तळण आठवड्यातून दोनच दिवस, जुमा आणि रविवारी, असं सगळ्या घराने मिळून ठरवावं. कढई चढलीच नाही तर मन आवरायची वेळच येत नाही.

मधुमेहींनी मात्र हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं, तेही रमजानच्या दीड-दोन महिने आधी. इन्सुलिन आणि काही गोळ्यांमुळे रोजात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, त्यामुळे मात्रा आणि वेळा बदलाव्या लागतात. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमा सांगतात. तरीही अनेक जण भीतीपोटी तपासत नाहीत. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. इफ्तारला अर्धाच तास उरला असला तरी थांबू नये. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे.

ईदच्या दिवशी शीरखुर्मा होणारच, आणि व्हावाच. त्यानंतर शव्वालचे सहा नफली रोजे येतात. ते सलग ठेवता येतात किंवा महिनाभरात सवडीने. कमी खाण्याची सवय पक्की करायला हे दिवस रमजानपेक्षाही सोपे. घरात रोजा एखाद-दुसऱ्याचाच असतो आणि तेवढ्यासाठी कुणी कढई चढवत नाही.